दादाचा हात

रविवार असल्यामुळे खाली प्रेस बंद होते आणि कारखान्याच्या माडीवरच्या ऑफिसात प्रत्येकाचं बोलणं नको तितकं स्पष्ट ऐकू येत होतं. एरवी या खोलीत बोलायचं म्हणजे ओरडायचंच. खाली चार प्रेस पत्रा कापत, बिजागऱ्यांची पानं धडाधड ट्रेमध्ये पडत, आणि त्या गोंगाटात कुणी कुणाला टाकून बोललं तरी निम्मं कानापर्यंत पोचत नसे. आज ती सोय नव्हती.

आत्या दादाच्या, म्हणजे आपल्या थोरल्या भावाच्या, उजव्या बाजूच्या खुर्चीत बसली होती. नवख्या माणसाला ती जागा मानाची वाटली असती. दादाच्या उजव्या पंजाला अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं नव्हती, आणि त्या पंजाने जे लिहायचं ते तेहतीस वर्षं आत्या लिहीत आली होती. बिलं, चलनं, चेक, बँकेची पत्रं. दादा सांगायचा, ती लिहायची, आणि खाली तो डाव्या हाताने एक वेडीवाकडी सही ठोकायचा. कामगार तिला ‘दादाचा हात’ म्हणत. ते नाव त्यांनी काढलेलं नव्हतं, खुद्द त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी ठेवलं होतं.

अण्णांच्या मागे त्यांचे प्रेस राहिले तसे त्यांचे नियमही राहिले. घरातल्या पोराला पुढे शिकायचं असेल तर त्याने या खोलीत उभं राहून काय शिकायचं, का शिकायचं, ते सांगायचं. मग पत्र्याचा डबा फिरायचा. ज्याला कारखान्यातून पगार मिळतो त्याने त्यात मुठीतून एक स्क्रू टाकायचा: पितळी म्हणजे हो, लोखंडी म्हणजे नाही. कुणी काय टाकलं ते कुणी विचारायचं नाही, आणि डबा एकदाच फिरायचा. आता पगार घेणारे तिघे होते: दादा, धाकटा भाऊ आणि दादाचा मुलगा. आत्याला पगार नव्हता. हाताला वेगळा पगार कसला आणि हाताला वेगळा स्क्रू कसला, असं अण्णा हसत हसत म्हणाले होते, आणि सगळे हसले होते. तीही हसली होती, याचा तिला आज सकाळपासून फार राग येत होता.

उभी होती टिटवी, धाकट्याची मुलगी. लहानपणी सदान्‌कदा टिवटिव करायची म्हणून नाव पडलं ते अठरा वर्षांची झाली तरी सुटलं नव्हतं. अण्णांनी पहिला प्रेस ज्या देशातून जुनापुराणा म्हणून आणला, त्या देशाची भाषा तिने शाळेत तीन वर्षं घेतली होती. आता तिला त्याच भाषेची चार वर्षांची पदवी करायची होती, आणि कॉलेजने जागाही दिली होती. पहिली फी मंगळवारच्या आत भरायची होती. नाही भरली तर जागा दुसऱ्याला.

“मी सगळा खर्च मांडला,” दादा म्हणाला. आत्यानेच लिहिलेला कागद त्याने पुढे सरकवला. “फी, वसतिगृह, आणि तिसऱ्या वर्षी सहा महिने तिकडे पाठवतात, ते वेगळे. एवढ्यात एक नवा प्रेस येतो. प्रेस तीन वर्षांत आपली किंमत फेडतो. ही भाषा किती वर्षांत फेडेल, तेवढं सांग मला. मी काही तुझा वैरी नाही.”

“कदाचित फेडणार नाही, मोठे काका,” टिटवी म्हणाली.

आत्याने कपाळाला हात लावला. घरात इतकं खरं बोलायची सवय या पोरीला कुठून लागली, देव जाणे.

“म्हणजे?”

“म्हणजे अनुवाद करणाऱ्यांना पहिली काही वर्षं फार मिळत नाही. पुढे मिळतं. कोर्टात दुभाषे लागतात, दवाखान्यात लागतात, पुस्तकं काढणाऱ्यांना लागतात. पोट भरेल. पण प्रेसशी तुलना केलीत तर मी नुकसानीतच दिसणार.”

“मग झालंच की,” इंजिनियर म्हणाला. दादाच्या मुलाला घरात सगळे इंजिनियर म्हणत. अडीच वर्षं तो इंजिनियरिंगला होता, तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर कंटाळून घरी आला, पण नाव तोपर्यंत पक्कं झालं होतं. त्याने फोन वर धरला. “हे बघ टिटवे. कुठलाही कागद याच्यापुढे धरायचा, आपल्या भाषेत वाचायचा. बोललं तरी कळतं याला. फुकट. चार वर्षांनी तू बाहेर पडशील तेव्हा हा तुझ्यापेक्षा शहाणा झालेला असेल.”

“शहाणा नाही होणार. पटपट वाचेल फक्त.”

“तेच तर पाहिजे ना लोकांना.”

आत्या मूग गिळून ऐकत होती. याच खोलीत इंजिनियरसाठी डबा फिरला तेव्हा किती वर्षांत फेडशील असं कुणी चकार शब्दाने विचारलं नव्हतं. सगळे स्क्रू पितळी पडले होते. त्याने कॉलेज सोडलं तेव्हा दादा एवढंच म्हणाला की पोराला अनुभव तर मिळाला. मुलाचे पैसे बुडाले की तो अनुभव, आणि मुलीचे अजून दिलेही नाहीत तर ते नुकसान. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने शब्द दिला होता आणि ती गप्प बसली.

शब्द आठ दिवसांपूर्वीचा होता. टिटवी याच टेबलाशी तिच्याजवळ येऊन बसली होती. तिच्या हातात पहिल्या प्रेसबरोबर आलेलं जाडजूड, तेलाच्या डागांचं पुस्तक होतं. “आत्या, तुला एक वाचून दाखवते,” ती म्हणाली होती, “पण हे कुणाला सांगायचं नाही. मला हे दाखवून पैसे मागायचे नाहीत.” आणि तिने तेरावं पान वाचून दाखवलं होतं. त्यानंतर आठ दिवस आत्याला अन्न गोड लागलं नव्हतं.

“तुझं काय म्हणणं?” दादाने धाकट्याला विचारलं.

धाकटा पाण्याचा पेला हातात फिरवत होता. गेलं वर्षभर तो मुलीच्या भाषेचा विषय निघाला की उठून जायचा. “माझं काय,” तो म्हणाला. “डब्यात पडेल ते.”

“अहो, तुमची मुलगी आहे,” दाराजवळच्या स्टुलावरून टिटवीची आई म्हणाली. तिलाही स्क्रू नव्हता.

“म्हणूनच म्हणतो ना, डब्यात पडेल ते.”

डबा फिरला. तीन मुठी आत गेल्या, तीन वेळा खडखड झाली. दादाने तो खर्चाच्या कागदावर उपडा केला.

तीन लोखंडी.

दोन पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्याकडे सगळे बघत राहिले. टिटवीची आई नवऱ्याकडे अशी बघत होती की बाहेरच्या माणसाला तिथे उभं राहवलं नसतं. टिटवीने कॉलेजचं पत्र, माहितीपत्रक, गुणपत्रिका असे आपले कागद गोळा करायला सुरुवात केली. कडा नीट जुळवून ती म्हणाली, “ठीक आहे, बाबा.”

त्या ‘ठीक आहे’ने आत्याचा बांध फुटला. तेहतीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात तीही हेच म्हणाली होती.

“कागद ठेव खाली,” ती म्हणाली. “ते पुस्तक काढ. तेरावं पान वाच.”

“आत्या, नको.”

“मी शब्द दिला होता, तो मोडते आहे. माझ्यावर काय रागवायचं ते नंतर रागव. वाच.”

“कसलं पान?” दादाने विचारलं.

धाकट्याने पेला टेबलावर ठेवला तो काठाशी, आणि पाणी सांडलं. “आता कशाला पुस्तकबिस्तक,” तो म्हणाला. “झालं ना ठरून.”

टिटवीने कपाटातून पुस्तक काढलं. तिचा चेहरा लाल झाला होता. एकेका वाक्यावर थांबत, मनात जुळवत तिने वाचलं.

“‘या प्रेसला दोन दांडे आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. चालवणाऱ्याचे दोन्ही हात दोन्ही दांड्यांवर असतील तरच प्रेस खाली येतो. दांडे काढू नयेत. पायाने चालेल अशी जोडणी करू नये. काम करताना लक्ष उडणं माणसाच्या हातात नाही. मागून कुणी हाक मारली, माणूस वळला, हात सुटला, की प्रेस जागच्या जागी थांबतो. हाक मारणाऱ्यामुळे कुणाला इजा होऊ नये, यासाठीच हे दांडे आहेत.’”

दादा आपल्या पंजाकडे बघत नव्हता. तो बहिणीकडे बघत होता.

त्या दुपारी ती वीस वर्षांची होती. कॉलेजातून धावत आली होती. साहित्याच्या पहिल्या वर्षाला तिचा पहिला नंबर आला होता, आणि जिन्याखाली उभं राहून तिने प्रेसवरच्या भावाला हाक मारली होती, “दादा, अरे, निकाल लागला.” तो हसत वळला, त्याचा पाय पॅडलवर होता. पुढचं सगळं घराला तोंडपाठ होतं. अण्णांनीच ते इतक्या वेळा सांगितलं होतं: पोरगी ओरडली आणि पोराचा हात गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते तिला म्हणाले, “तू त्याचा हात घेतलास. आता तूच त्याचा हात हो.” दुसऱ्या वर्षातून तिचं नाव काढलं. लग्नाच्या दोन मागण्या आल्या त्याही परत गेल्या, कारण बिलं कोण लिहिणार. आणि ती म्हणाली होती, ठीक आहे.

“पण त्या प्रेसला दांडे नव्हते,” दादा सावकाश म्हणाला. “मी पहिल्या दिवसापासून पॅडलवरच चालवला.”

“होते,” धाकटा म्हणाला. तो भिजलेल्या कागदाकडे बघत बोलत होता. “मी काढले. तेरा वर्षांचा होतो. विकणाऱ्या माणसाला आपली भाषा येत नव्हती, त्याने हातवारे करून दाखवलं होतं, दोन्ही हात इथे, इथेच. अण्णांना समजलं होतं. पण असं दोन्ही हातांनी केलं तर दिवसाला निम्माच माल निघेल, असं ते म्हणाले. मला पाना दिला. मला वाटलं, वा, मला मोठ्यांचं काम दिलं.”

“आणि नंतर?” आत्याने विचारलं.

“नंतर, दादाचा हात गेल्यावर, त्यांनी दांडे भंगारात घातले. म्हणाले, ब्र काढलास तर याद राख.” त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. “ताई, मी लहान होतो.”

“तेरा वर्षांचा होतास तेव्हा लहान होतास. वीस वर्षांचा झालास, तीसचा झालास, तुझं लग्न झालं, तुला मुलगी झाली. अण्णा गेले त्यालाही बारा वर्षं झाली. रोज दुपारी तू माझ्यासमोर बसून जेवलास.” आत्याचा आवाज चढला नव्हता. “आणि आज स्वतःच्या मुलीला लोखंडी टाकलास, कशासाठी? तिला हे पान वाचता येऊ नये म्हणून.”

धाकट्याची बायको उठली, सांडलेलं पाणी पुसावं म्हणून फडकं घेतलं, आणि न पुसताच ते त्याच्यापुढे टाकून परत जागेवर जाऊन बसली.

या सगळ्यात इंजिनियरला अवघडल्यासारखं झालं होतं. वातावरण जरा निवळावं म्हणून तो म्हणाला, “पण मग बरंच झालं की एका अर्थी. उपयोग कळला. असं करू, टिटवीला सहा महिन्यांचा एखादा कोर्स करू दे. सगळ्या मशिनींची पुस्तकं वाचून काढेल, कुठे काय धोका आहे ते आपल्याला सांगेल. चार वर्षांची गरजच नाही. खर्चही वाचला.”

“तुझा तो फोन इकडे कर,” आत्या म्हणाली. त्याने गोंधळून पुढे केला. तिने तो टेबलावर, पुस्तकाशेजारी ठेवला. “किती वर्षं आहे तुझ्या खिशात?”

“हा नवा आहे. पण तसं... आठदहा वर्षं.”

“आणि हे पुस्तक त्या कपाटात तू जन्मायच्या आधीपासून आहे. त्याच कपाटातून तू रोज हजेरीचं रजिस्टर काढतोस. तुझ्या बापाचा हात तू जन्मापासून बघतो आहेस. एकदा तरी वाटलं, या पुस्तकापुढे फोन धरून बघावं, यात काय लिहिलंय?”

“कधी सुचलंच नाही.”

“नाहीच सुचणार. फोन वाचतो रे, मी कुठे नाही म्हणते. पण काय वाचावं हे त्याला तू सांगणार, आणि तुला त्या कपाटात रजिस्टरच दिसणार. हिला पुस्तक दिसलं, कारण हिला ती भाषा आवडते. नुसती आवडते, तुला कळतंय का? कशाला उपयोगी पडेल म्हणून नाही. उपयोगासाठी शिकली असती तर परीक्षेपुरतं शिकून गप्प बसली असती. आणि आता ती उपयोगी पडली म्हटल्यावर तुम्ही तिला सहा महिन्यांत आटपून मशिनीला जुंपायला निघालात. या घराला दुसरं काही सुचतच नाही. जे हाताशी येईल त्याला हात करायचं.”

“आत्या,” टिटवी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण सूर रागाचा होता. “तू शब्द दिला होतास. या पानाच्या जिवावर मला कॉलेज नको. आणि मला मशिनींची पुस्तकं नाही वाचायची.”

“मग काय वाचायचंय तुला?” विचारलं दादाने. टोमणा नव्हता. त्याने खरोखरच विचारलं.

टिटवीने डोळे पुसले. “बाकीचं सगळं. मोठे काका, हे पान कुणीतरी लिहिलं ना. दांडे काढू नका, एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. मशिनीच्या पुस्तकात हाकेबद्दल कोण लिहितं? त्या माणसाने कधीतरी कुणाला हाक मारली असेल. नाहीतर त्याला कुणी मारली असेल. मला ती माणसं कशी बोलतात, कशावर हसतात, घरात भांडताना काय म्हणतात, त्यांच्या गोष्टी काय आहेत, ते वाचायचंय. ते आपल्या भाषेत आणायचंय. त्याचा भाव मला सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही आला नाही.”

खाली रस्त्यावर कुणाच्या तरी सायकलची घंटा दोनदा वाजली. दादाने कागदावरचे तीन लोखंडी स्क्रू डाव्या हाताने एकेक करून बाजूला लोटले.

“डबा परत फिरव,” तो म्हणाला.

“एकदाच फिरतो, बाबा,” इंजिनियर म्हणाला. “अण्णांचा नियम आहे.”

“अण्णांनी दांडे काढले,” दादा म्हणाला. त्याने डब्याची वाटही पाहिली नाही, खणातून एक पितळी स्क्रू काढला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. धाकट्याने ठेवला. इंजिनियरने बापाकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं, आणि त्यानेही ठेवला. टिटवीची आई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

आत्याला रडू आलं नाही. तिला त्या तीन पितळी स्क्रूंकडे बघून आनंद व्हायला हवा होता, आणि पोरीसाठी झालाही. पण सकाळपासूनचा राग तिथेच होता. तिघांनी मनात आणलं तर पाच मिनिटांत होणारी गोष्ट होती ही, आणि तिच्यासाठी ती तेहतीस वर्षांत कुणीही मनात आणली नव्हती.

“मला काय माहीत होतं,” दादा हळूच तिला म्हणाला. “मला अण्णांनी सांगितलं तेच माहीत होतं.”

“खरं आहे. तुला माहीत नव्हतं. पण तू कधी विचारलंही नाहीस, दादा. बहिणीने हाक मारली, एवढ्यासाठी तिचं कॉलेज सुटावं, घर होऊ नये, इतका तो गुन्हा होता का, असं एकदा तरी कुणाला विचारायचंस. अण्णांना नाही, तर निदान मला.”

दादाने मान खाली घातली. मग त्याला जे नेहमी जमायचं ते त्याने केलं, कामाला लागला. “मंगळवारची वाट नको बघायला,” तो म्हणाला. “चेक आजच करून टाकू. चेकबुक काढ. लिही, कॉलेजचं नाव...”

आत्याने चेकबुक काढलं. पेनाचं टोपण काढलं. दोन्ही गोष्टी तिने त्याच्यापुढे, डाव्या बाजूला ठेवल्या.

“तू लिही,” ती म्हणाली.

“अगं, मला कुठे...”

“डावा धडधाकट आहे. सही करतोस ना त्याने. तेहतीस वर्षांत शिकला असतास, पण तुला शिकायची गरज पडली नाही. उद्यापासून बिलंही तूच लिही, नाहीतर पगार देऊन माणूस ठेव. मी येणार नाही.”

टिटवी मदतीला म्हणून पुढे झाली, तशी आत्याने तिचा दंड धरला आणि तिला आपल्याजवळ उभं केलं. दादाने डाव्या हातात पेन घेतलं. पहिला चेक नावातच बिघडला, तो त्याने फाडला. दुसऱ्यावर रकमेचे शून्य एकमेकांवर चढले. तिसरा त्याने इतका हळू लिहिला की इंजिनियरला बघवेना आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. दादाच्या कपाळावर घाम आला होता. साठ वर्षांचा माणूस जिभेचं टोक ओठांत धरून, एकेक अक्षर काढत होता, आणि आत्या त्याच्याकडे बघत होती. तिला त्याची दया येत होती. तरी तिने हात पुढे केला नाही.

शेवटी त्याने सही केली, चेक फाडला आणि तिच्याकडे दिला. तिने चष्मा लावला. नाव वाचलं, रक्कम आकड्यांत वाचली, अक्षरांत वाचली.

“तारीख राहिली,” ती म्हणाली, आणि चेक परत त्याच्यापुढे सरकवला.